टाळी नेमकी कशासाठी?

रंगमंचावर व्हीलचेअरवरचा कलाकार नाचू लागला की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. ही टाळी त्याच्या नृत्याला असते, की आपल्या मनात दाटून आलेल्या दयेला? प्रश्न थोडा बोचरा आहे, पण विचार करण्यासारखा आहे.

सुधा चंद्रन यांचे उदाहरण आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. १९८१ साली अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. 'जयपूर फूट' बसवून, वेदना सोसत सराव करून १९८४ मध्ये त्या मुंबईत पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. त्या जिद्दीला सलाम! पण या कथेत बदलावे लागले ते त्यांनाच. नृत्य आणि रंगमंच होते तिथेच राहिले.

लंडनमध्ये १९९१ साली वेगळा प्रयोग झाला. सेलेस्ट डँडेकर ही नर्तिका १९७३ मध्ये रंगमंचावर नाचतानाच पडली आणि कायमची व्हीलचेअरवर आली. तिने अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासोबत 'कँडोको' ही नृत्यसंस्था काढली. तिथे अपंग आणि धडधाकट नर्तक एकत्र नाचले. चाकांची गिरकी, पाय नसलेल्या डेव्हिड टूल यांचे हातांवर चालणे, यांतूनच नवी नृत्यरचना उभी राहिली. इथे माणसासाठी नृत्य बदलले.

आमच्या संगणकाच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम एकाच प्रकारच्या यंत्रावर चालला, तर आम्ही प्रोग्रॅम सुधारतो. ग्राहकाची कीव करत बसत नाही. बाबा आमटे यांचाही आग्रह हाच होता, की दया नको, संधी द्या. त्यांच्या आनंदवनातल्या 'स्वरानंदवन' वाद्यवृंदातले अपंग कलाकार त्याच बळावर रंगमंच गाजवत आले.

आता आपल्या खैरानच्या सहलींकडे पाहा. किनाऱ्यावर व्हीलचेअर वाळूत रुतते. चौघे ती उचलून पाण्यापर्यंत नेतात आणि सगळ्यांना बरे वाटते. पण दोन लांब फळ्या टाकल्या तर बसणाऱ्याला आपल्या मर्जीने जाता येईल, कंटाळा आला की परतताही येईल. ज्या खैरानमध्ये वाळवंट खणून समुद्र आत आणला आणि शहर वसवले, तिथे दोन फळ्या म्हणजे काय मोठेसे!

कोणी विचारेल, मग कौतुकही करायचे नाही का? जरूर करावे, पण इतरांचे करतो तसेच. दया नेहमी "वा, छान!" म्हणते. आदर मात्र म्हणतो, "दुसऱ्या कडव्यात ताल सुटला, पुन्हा करू या." चूक दाखवली जाणे हाही बरोबरीचा हक्कच आहे.

तेव्हा पुढच्या गणेशोत्सवात अपंग मुलांचा वेगळा 'खास कार्यक्रम' नको. निवेदकाचा तो भरून आलेला आवाजही नको. ही मुले समूहनृत्यात पहिल्या तालमीपासून असू द्या, नाच त्यांना धरूनच बसवा आणि रंगमंचाला उतार आधी करून घ्या. मग जी टाळी पडेल, ती नृत्यालाच असेल.