दुःखाची अखंडता आणि शुश्रूषेतील सहकार्य

जिवावर बेतलेल्या आजारात वेदना आणि इतर त्रास कमी करून रुग्णाचे आयुष्य सुसह्य करणे, याला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक शुश्रूषा म्हणतात. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक, धर्मगुरू आणि घरची माणसे मिळून हे काम करतात. या क्षेत्राच्या व्यावसायिक परिषदांमध्ये सहकार्याचा विषय वारंवार येतो. बहुधा तो कामाची वाटणी, बैठका आणि नोंदी यांचा विषय म्हणून चर्चिला जातो. त्याच्या मुळाशी मात्र तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे: दुःखाचे भाग पाडता येतात का? शरीराचे दुखणे एकाने, मनाचे दुसऱ्याने आणि श्रद्धेचे तिसऱ्याने सांभाळायचे म्हटले, तर ज्याला दुखते आहे तो माणूस कोणाच्या वाट्याला येतो?

आधुनिक वैद्यकात हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला तो सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात, काम करताना त्या रुग्णांचे बोलणे मन लावून ऐकत आणि टिपून ठेवत. दुखण्याबद्दल विचारल्यावर एका रुग्ण स्त्रीने सुरुवात पाठीपासून केली. मग आपले सगळेच बिघडले आहे असे वाटते, असे ती म्हणाली. नवरा आणि मुलगा जवळ बसले तर त्यांचा रोजगार बुडेल ही चिंता तिने सांगितली, आपले कोणालाच कळत नाही ही खंत सांगितली, आणि आता पुन्हा सुरक्षित वाटू लागले आहे इथे ती थांबली. शरीर, पैसा, एकटेपणा आणि आधार हे सारे एकाच उत्तरात आले होते. अशा अनुभवांतून सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा बाजू असतात. पण त्या एकाच वेदनेच्या बाजू आहेत. हाडातली कळ मॉर्फिनने थांबली की झोप लागते आणि सकाळी तोच माणूस मुलांशी चार शब्द बोलू शकतो. उलट मनात भीती दाटली की कालपर्यंत पुरणारा डोस आज अपुरा पडतो. १९६७ मध्ये सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, ते याच विचाराच्या पायावर.

भारतीय परंपरेत हा विचार वेगवेगळ्या अंगांनी आलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. रुग्णाच्या गुणांमध्ये निर्भयता आणि आपला त्रास नीट सांगता येणे यांचाही समावेश आहे. म्हणजे रुग्ण उपचाराचा एक कर्ताही ठरतो. असाध्य रोगांचेही चरक दोन भाग करतो. एक याप्य, म्हणजे बरा न होणारा पण पथ्य आणि औषधाने आटोक्यात राहणारा. दुसरा, ज्यावर इलाजच चालत नाही असा. दुसऱ्या प्रकारात वैद्याने हात घालू नये, असा सल्ला आहे. खोटी आशा विकू नये हा त्यातला प्रामाणिकपणा मोलाचा आहे. पण वैद्य मागे सरल्यावर रुग्णाजवळ कोणी राहायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. उपशामक शुश्रूषेचे काम नेमके तिथून पुढे वाढते.

बौद्ध विनयपिटकातील महावग्गात या प्रश्नाचे उत्तर एका प्रसंगातून येते. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघाच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण येतात: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र आणि वांती काढताना किळस न वाटणे, आणि धर्मकथेने रुग्णाला उभारी देणे. आज हे गुण डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि समुपदेशक यांच्यात वाटले गेले आहेत. त्या यादीत मात्र मळ काढणे आणि धर्म सांगणे ही कामे शेजारी शेजारी आहेत, त्यांत उच्चनीच नाही.

जैन परंपरेतील ‘भगवती आराधना’ या ग्रंथात सल्लेखना, म्हणजे आहार हळूहळू सोडत मरण स्वीकारण्याचे व्रत, घेतलेल्या साधकासाठी ४८ निर्यापकांची, म्हणजे अखेरपर्यंत साथ देणाऱ्या साधूंची, व्यवस्था सांगितली आहे. उठण्याबसण्यास मदत करणे, धर्म सांगणे, मलमूत्राची व्यवस्था पाहणे, दारावर लक्ष ठेवणे अशी कामे त्यांच्यात वाटलेली आहेत. सल्लेखना हे स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे, रोगावरील उपचार नाही. दोहोंची गल्लत करता कामा नये. तरीही शेवटच्या वाटेवर माणसाला अनेकांची सोबत लागते आणि ती आधीच ठरवून ठेवावी लागते, ही जाण दोन्हीकडे समान आहे.

वेदना शमवण्याला धर्माच्या नावाने काही आक्षेप घेतले जातात. दुःख हे पूर्वकर्माचे फळ असेल तर ते भोगूनच संपवायला हवे, असे अनेक कुटुंबांत मानले जाते. याचे उत्तर कर्मसिद्धान्ताच्या आतूनच देता येते. आयुष्य दैव आणि पुरुषकार (माणसाचा स्वतःचा प्रयत्न) या दोहोंवर अवलंबून असते, असे चरक विमानस्थानात सांगतो. शिवाय समोरच्याच्या वेदनेकडे पाठ फिरवणे हेही एक कर्मच आहे आणि त्याची जबाबदारी पाठ फिरवणाऱ्यावर येते. ख्रिस्ती विचारातही हा प्रश्न आला. वेदना थांबवण्याचा दुसरा उपाय नसेल, तर आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असूनही वेदनाशामक देता येते, कारण मृत्यू हा त्यामागचा हेतू नसतो, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केले. मृत्यू ओढून आणायचा नाही आणि लांबवायचाही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याच्याशी जुळते. २०१९ मध्ये ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम प्रतिनिधींनी व्हॅटिकनमध्ये संयुक्त निवेदनावर सह्या करून उपशामक शुश्रूषेला पाठिंबा दिला.

सहकार्याची खरी कसोटी रोजच्या कामात लागते. समजा, एक वृद्ध स्त्री मॉर्फिन नको म्हणते. डॉक्टरांना वाटते, तिला व्यसन लागण्याची भीती आहे. समाजसेवकाला ठाऊक असते की घरावर कर्ज आहे आणि औषधाचा खर्च तिला सलतो. रात्री चादर बदलताना मावशींना मात्र ती सांगते, हे भोग इथेच फेडू दे, पुढच्या जन्मी नकोत. तिघांकडे तीन खऱ्या गोष्टी आहेत, पण त्या एकत्र आल्या नाहीत तर तिघेही तिला चुकीचे समजतील. तज्ज्ञता वाढली की दुःखाचे तुकडे होतात. ते पुन्हा जोडणे हे सहकार्याचे पहिले नैतिक कर्तव्य आहे. म्हणून मावशींचे आणि घरी रात्र जागवणाऱ्या सुनेचे ऐकलेले डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

याच कर्तव्यात सत्य सांगणेही येते. आपल्याकडे घरचे लोक प्रेमापोटी डॉक्टरांना विनवतात, ‘त्यांना काही सांगू नका.’ मग रुग्ण सोडून सगळ्यांना सगळे माहीत असते आणि ज्याचे मरण आहे तोच चर्चेबाहेर राहतो. सत्य त्याच्यावर आदळायचे नसते. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यालाच विचारायचे असते. त्याचप्रमाणे आध्यात्मिक आधार त्याच्या श्रद्धेतून द्यायचा, देणाऱ्याच्या नव्हे. नामस्मरण, नमाज, प्रार्थना किंवा निरीश्वरवाद्याचे मौन, यांना सारखाच मान हवा. दुबळ्या क्षणी कोणाचे मत वळवणे हा विश्वासघात आहे.

भारतात या विचाराने संस्थात्मक रूप घेतले ते मुंबईत: १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना आश्रम हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. १९९३ मध्ये कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन झाली आणि पुढे केरळात शेजारपाजारचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन शुश्रूषेत सामील झाले. १९९४ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही देशव्यापी संघटना उभी राहिली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली. कायदा, औषध, समाज आणि श्रद्धा यांपैकी एकही धागा तुटला तरी वेदना पुन्हा रुग्णाच्या एकट्याच्या वाट्याला येते.

सगळ्या दुःखावर इलाज होत नाही. मृत्यूचे भय, अपुरे राहिलेले नाते, ‘मलाच का’ हा प्रश्न यांना गोळी नाही आणि कोणत्याही धर्माचे तयार उत्तर प्रत्येकाला पटतेच असे नाही. अशा वेळी सहकार्य म्हणजे उत्तर नसतानाही कोणीतरी जवळ राहील याची पक्की व्यवस्था. परिषदेत ठरलेल्या कोणत्याही पद्धतीचे मोल यावरून करावे: तिच्यामुळे रुग्णाचे बोलणे पूर्ण ऐकले गेले का, आणि ऐकलेले सर्वांनी मिळून निभावले का.