हासावं का रडावं

जेवणाबद्दल मत द्यायचं असलं की माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकलं की पुढे वारंगा फाटा येतो. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे. फाट्यावरची खिचडी शेजारच्या जिल्ह्यांतही नावाजलेली. ट्रकवाला असो की लग्नाचं वऱ्हाड, पहिल्या घासाला निकाल लागतो: ‘आज जमली’ किंवा ‘मीठ कमी हाय’. सिनेमाचं तसं होत नाही. रात्रीच्या गाड्यांत व्हिडिओ लावायची पद्धत होती तेव्हा ढाब्यावर गाडी थांबली की पिक्चर अर्ध्यावर बंद व्हायचा आणि खाली उतरलेली माणसं एकमेकांना विचारायची, ‘कसा हाय पिच्चर?’ दोघांनीही तोच अर्धा भाग त्याच पडद्यावर पाहिलेला, तरी आधी दुसऱ्यानं बोलावं अशी दोघांची अपेक्षा. मारामारीचा असला तर कोंडी लवकर फुटायची. विनोदी असून जरा तिरपागडा असला, तर बिडी संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग एखादा म्हणायचा, ‘हासावं का रडावं तेच कळंना.’

माझ्या लेखी अशा सिनेमावरचं हे सर्वांत नेमकं मत आहे. गंमत अशी, की ते नेहमी तक्रारीच्या सुरात दिलं जातं.

‘इंडिएन’ नावाचा ऑस्ट्रियाचा एक सिनेमा आहे, १९९३ चा, पाउल हाराथर यांनी दिग्दर्शित केलेला. नावात भारत, पडद्यावर मात्र लोअर ऑस्ट्रिया प्रांतातली खेडी आणि तिथल्या खानावळी. योझेफ हाडर आणि आल्फ्रेट डोर्फर या दोन विनोदी नटांनी आधी रंगमंचासाठी लिहिलेलं हे प्रकरण, पडद्यावरही मुख्य भूमिकांत हेच दोघं आहेत. ब्योझेल आणि फेल्नर हे सरकारी तपासनीस. गावोगावच्या खानावळीत जायचं, श्नित्झेल चाखायचं, खोल्या बघायच्या, शेरा लिहायचा. ब्योझेल घुम्या, बियर आणि मांसावर जगणारा, ज्याला कशाचीच लाज नाही असा. फेल्नर बडबड्या, सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून सोबत्याला भंडावणारा, भारताबद्दल आणि पुनर्जन्माबद्दल काहीबाही ऐकून भारावलेला. गाडीत दोघांचं एक मिनिट पटत नाही. आपल्याकडे तपासणीला निघालेले साहेब आणि त्यांच्यासाठी ढाब्यावर निघणारं वेगळं ताट ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा अर्धा भाग समजावून सांगायची गरजच नाही. मग फेल्नरला कर्करोग निघतो. उरलेला सिनेमा इस्पितळात घडतो, आणि विनोद थांबत नाहीत.

इथे प्रेक्षक बिथरतो. पहिल्या भागावर खूश झालेल्याला दुसऱ्या भागात फसवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या भागानं हललेल्याला पहिल्या भागातला ढेकर-पादण्याचा विनोद हिणकस वाटतो. मला स्वतःला पहिल्या भागातला हिणकसपणा काढून टाकलेला आवडणार नाही. ज्या माणसाच्या शरीराला आपण तासभर हसलो, तेच शरीर आता खाटेवर आहे. ओळख तिथूनच झालेली असते. आणि ज्यांचं पोट दुसऱ्यांच्या ताटावर शेरे मारण्यावर भरतं, त्या दोघांना इस्पितळात एकही शेरा सुचत नाही, ही त्या लेखकांची खरी करामत.

प्रेक्षकांच्या मताचा सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईचा हिशेब माझ्या माहितीत भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. भरतानं रसाचा दाखला दिला तोही जेवणाचाच, पण मत कसं मोजायचं हे सांगताना तो जिभेकडून आवाजाकडे वळतो. प्रयोग साधला हे कशावरून ओळखायचं? प्रेक्षक स्मित करतो, अर्धं हसतो, मोठ्यानं हसतो, ‘साधु’ म्हणतो, ‘अहो’ म्हणतो, करुण प्रसंगी ‘कष्टम्’ म्हणतो, अंगावर काटा येतो, उठून उभा राहतो, वस्त्र नाहीतर अंगठी फेकतो. ही झाली मानुषी सिद्धी. तिच्या वर दैविकी: आवाज नाही, खळबळ नाही, कसला उत्पात नाही आणि रंगशाळा भरलेली. हास्याचेही त्यानं स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार पाडले आणि ते उत्तम, मध्यम, अधम अशा माणसांत दोन-दोन वाटून टाकले. वर याच सत्ताविसाव्या अध्यायात सांगितलं, की बालकं, मूर्ख आणि स्त्रिया यांना हास्य आणि वेशभूषा नेहमी आवडते. त्या यादीत स्त्रिया कशा आल्या, हे भरतालाच विचारायला हवं. पण एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटलेली नाही: कोण हसतोय, यावर हसण्याचा अर्थ ठरतो.

अडचण पुढे येते. अलंकारशास्त्रात हास्य आणि करुण यांना परस्परविरोधी मानलं गेलं. एक आला की दुसरा विरतो. मराठी रंगभूमीनं हे फारसं मनावर घेतलं नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ ज्या दारूवर हसवतं, तीच दारू सिंधूचा संसार बुडवते. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी डोळे पुसणारे लोक काही वेळापूर्वी तळीरामाला दाद देऊन बसलेले असत. त्यांना कुणी विचारलं नाही, की नक्की ठरवा, तुम्ही हसलात का रडलात?

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँनं १९०० च्या सुमारास हास्यावर लिहिताना एक किस्सा दिला आहे. प्रवचनाला सगळे रडताहेत, एकटा कोरडा बसलाय. कारण विचारलं तर म्हणतो, मी या परगण्यातला नाही. बर्गसाँच्या मते रडण्यापेक्षा हसण्याला हा किस्सा जास्त लागू पडतो. हसू नेहमी एखाद्या कळपाचं असतं. त्याचं दुसरं म्हणणं मला तितकंसं पटत नाही. हसायला हृदय घटकाभर बधिर व्हावं लागतं, असं तो म्हणतो. पाच वर्षांनी व्हिएन्नात फ्रॉइडनं विनोदावर लिहिताना फाशीच्या कैद्याचा दाखला दिला: सोमवारी फासाकडे नेलं जात असताना तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. त्या कैद्याचं हृदय बधिर होतं, असं कोण म्हणेल? आपण त्याच्या परगण्यातले आहोत की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाची मराठीतली कसोटी वारंगा फाट्याहून उमरखेडच्या दिशेनं गेलं की लागते. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) त्या वऱ्हाडी मुलखातला. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली असते. किसनाची बायको अलका धास्तावते, की आता आपला नवरा. म्हणून ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागे धाडते, परवडत नसताना गोडधोड रांधते. किसनाला मात्र घरात अचानक इतकी आवभगत का चालली आहे, याचा पत्ता नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी हे इतक्या सरळ चेहऱ्यानं केलंय, की हसू आवरत नाही. सिनेमा रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला, त्याचं कौतुक झालं. पण त्यावर बोलताना शहरी माणूस ‘विनोदी’ हा शब्द चोरून वापरतो. आत्महत्येच्या विषयावर आपण हसलो, हे कबूल करायला त्याला संकोच वाटतो. हा संकोच सभ्य आहे, पण तो परगण्याबाहेरच्या माणसाचा आहे. ज्या घरात खरोखरच कुणी बापाच्या मागोमाग पोराला शेतात धाडलंय, फवारणीचं औषध कुलपात ठेवलंय, त्या घरात या प्रसंगांना हसायला कुणाची परवानगी लागेल असं मला वाटत नाही. कदाचित तिथे कुणी हसणारही नाही. कदाचित अलकेनं पोराला ‘बापाच्या मागं जाय’ म्हणताक्षणी इतकं मोठ्यानं हसतील, की भरताला ते अधमांच्या रकान्यात टाकावं लागेल.

प्रयोगाच्या गुणदोषांवर वाद झाला तर काय करायचं, हेही भरतानं लिहून ठेवलं आहे. त्यानं प्राश्निक नेमले, म्हणजे परीक्षक, आणि प्रत्येकाला स्वतःच्या विषयापुरताच अधिकार दिला. यज्ञाच्या प्रसंगावर यज्ञ जाणणारा बोलेल, अभिनयावर नट, शब्दांवर वैयाकरण, अस्त्रांच्या पवित्र्यावर धनुर्धर, शृंगारावर गणिका, राजाच्या वागण्यावर राजा, दरबारी शिष्टाचारावर राजसेवक. ही व्यवस्था मला आजच्या परीक्षणांतल्या ताऱ्यांच्या मोजणीपेक्षा शहाणी वाटते. ‘इंडिएन’साठी तिच्यात माणूस तयारच आहे: आयुष्यभर सरकारी शेरे लिहिलेला राजसेवक. ‘गाभ्रीचा पाऊस’साठी यादी वाढवावी लागेल. नवऱ्यावर पाळत ठेवलेल्या बाईचा रकाना त्यात घालावा लागेल. तिचं मत अजून कुणी मागितल्याचं माझ्या कानावर नाही, आणि सोयाबीन काढणीला आलेलं असताना ते मागायला गेलं तर ती आधी विचारेल, ‘कामून?’