रतामाच्या झुडपाखाली

कित्येकांस एकाएकी भीतीचा झटका येतो. काळीज धडधडते, श्वास कोंडतो, आता प्राण जातो असे वाटते. शेजारी बाधा म्हणतात; मंडळीतले कोणी विश्वास उणा पडला म्हणतात. हे दुसरे बोलणे आम्हांस अधिक निष्ठुर वाटते.

१ राजे १९ पाहा. कर्मेलावर निर्भयपणे उभा राहिलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने पळाला व रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला. देवाने त्यास दटाविले नाही. दूताने भाकर व पाणी दिले, निजू दिले, पुन्हा खावयास उठविले. प्रश्न विचारला तो पुढे, होरेबावर.

लंडनचे उपदेशक स्पर्जन ह्यांच्या सभेत १८५६ साली चेंगराचेंगरी होऊन ७ माणसे मेली. त्या धास्तीने ते खचले. तरी पुढे पुष्कळ वर्षे त्यांनी सुवार्ता सांगितली.

असा झटका बहुधा १० मिनिटांत शिगेस पोहोचून ओसरू लागतो. तेव्हा उपदेश नको. जवळ बसावे, श्वास सावकाश सोडावयास सांगावे, त्याने मागितल्यास लहानशी प्रार्थना करावी. छातीत दुखत असेल तर तत्काळ, झटके वारंवार येत असतील तरीही, दवाखान्यात न्यावे. उपदेशक बंधूंनी स्वतः सोबत जावे, म्हणजे घरची माणसे भगताकडे वळणार नाहीत.