पंचवटीत रामाची उलटतपासणी

नाशिकच्या पंचवटीत आलेला यात्रेकरू रामकुंडात स्नान करतो, काळारामाचं दर्शन घेतो, अंग चोरून सीतागुंफेत उतरतो आणि तपोवनाच्या वाटेला लागतो. त्याच्या मनातली पंचवटी वनवासातली असते. पर्णकुटी, सोनेरी हरीण, रावणाचा कावा. संस्कृत रंगभूमीने मात्र रामाला या गोदाकाठी दुसऱ्यांदा आणलं. आठव्या शतकातल्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक इथेच घडतो. सीतेच्या त्यागाला बारा वर्षं झाली आहेत. आता अयोध्येचा राजा असलेला राम एकटाच या वनात येतो. तिने वाढवलेली झाडं, तिने नाचायला शिकवलेला मोर पाहून तो रडतो, बेशुद्ध पडतो, सावरतो आणि पुन्हा कोसळतो.

हा पुरुषाचा आदर्श कसा, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. मुलगा तिसरीत गेला की ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे वाक्य त्याच्या कानावर पडायला लागतं. प्राचीन शास्त्रकारांना मात्र या रडण्यात काही वावगं दिसलं नाही. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त धीरोदात्त नायकाची लक्षणं सांगितली: थोर मनाचा, अतिगंभीर, क्षमाशील, बढाई न मारणारा, अहंकार आत दडवणारा, व्रताला पक्का. त्यात अश्रूंना कुठेही बंदी नाही. ‘शाकुंतला’त अंगठी सापडल्यावर दुष्यंत पश्चात्तापाने खचतो, ‘मृच्छकटिका’तला चारुदत्त दारिद्र्यात मान खाली घालून जगतो, आणि तरीही ते नायकच राहतात.

पण भवभूतीला नुसते अश्रू पुरेसे वाटले नाहीत. विदर्भातल्या पद्मपूरच्या या कवीने रामाला जाब विचारणारं माणूस रंगमंचावर आणलं. ती वासंती, वनदेवता आणि सीतेची मैत्रीण.

पहिल्या अंकात राम अष्टावक्राला सांगतो, की प्रजेच्या समाधानासाठी स्नेह, दया, सुख, वेळ आली तर जानकीसुद्धा सोडताना मला व्यथा होणार नाही. बोललेलं त्याच अंकात अंगावर येतं. गरोदर सीता त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली असताना दुर्मुख हेर लोकापवादाची बातमी आणतो. पुन्हा एकदा वन पाहावं, असे डोहाळे तिला लागलेले असतात. तिला नेऊन सोडायला तेच निमित्त होतं. तिला विचारलं जात नाही आणि सांगितलंही जात नाही. ती झोपेत असताना निर्णय होतो.

तिसऱ्या अंकात वासंती त्याला भेटते, तेव्हा आधी लक्ष्मणाचं कुशल विचारते. रामाला ती ‘महाराज’ म्हणते, आणि जवळच्या माणसाला असं दुरून हाक मारणं हाच तिचा पहिला वार असतो. तू माझं जीवित, तू माझं दुसरं हृदय, असं जिला म्हणायचास, तिचं काय केलंस? हे विचारता विचारता तिचाच कंठ दाटतो. लोकांना सहन झालं नाही, असं राम सांगतो. का झालं नाही? ते लोकांनाच माहीत. मग वासंती थांबत नाही. तुला कीर्ती प्यारी, पण याहून मोठी अपकीर्ती कोणती? त्या अरण्यात तिचं काय झालं असेल, कधी विचार केलास? रामाकडे उत्तर नाही. राजधर्माचा आधार तो घेऊ शकला असता. तो घेत नाही. उभा राहतो, ऐकतो आणि खचतो. सीता तिथेच आहे, भागीरथीच्या प्रभावाने कुणालाही न दिसणारी. सगळं तिच्या कानांवर पडतं आहे, हे त्याला माहीत नाही.

अभिजात नाटकातला पुरुषार्थ तिथे, त्या ऐकून घेण्यात आहे. धनुर्भंग किंवा रावणवध कुणालाही दिसतो. जिच्यावर अन्याय केला तिच्या बाजूच्या माणसासमोर येऊन प्रश्न झेलणं हे त्याहून अवघड काम, आणि भवभूतीने ते रामाकडून करवून घेतलं.

याच नाटकाचा दुसरा अंक मात्र बोचतो. शूद्राने तप केलं म्हणून राम दंडकारण्यात शंबूकाला मारतो. भवभूतीलाही ते सहज जमलेलं नाही. राम आपल्या उजव्या हाताशी बोलतो: गरोदर सीतेला घालवणाऱ्या रामाचा तू हात, तुला दया कुठली! मग शंबूक दिव्य रूपात प्रकटतो आणि कृतज्ञतेने वंदन करतो. ही तडजोड पटत नाही. मारल्या गेलेल्याकडून आभार वदवून घेतले की प्रश्न मिटत नाही. सीतेसाठी वासंती उभी करणाऱ्या कवीने शंबूकासाठी कुणालाच उभं केलं नाही.

ते काम नाशिकने फार उशिरा पाहिलं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद करण्यात आली. दगड आले. स्त्री-पुरुष सत्याग्रही हात न उचलता उभे राहिले, आणि हा लढा सुमारे पाच वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. रामाच्याच दारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तेव्हा विचारणाऱ्यांनी आपली वाट निवडली.

भवभूती आणि हा सत्याग्रह यांच्या मधल्या काळात पुरुषार्थाची कल्पना कशी पालटली, याची खूण नाशिकच्याच एका नाट्यगृहात सापडते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन प्रेक्षक म्हणून आले होते आणि तिथेच अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. देवलांच्या ‘शारदा’त पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप आहे आणि बोहल्यावर चढायला निघालेला भुजंगनाथ आहे. घरातल्या पुरुषांची लाज रंगमंचावर मांडली जात होती. त्याच छताखाली पुरुषार्थाची दुसरी व्याख्या पिस्तूल घेऊन बसली होती. गुलामीत जगणाऱ्या पिढीला भीमच हवा होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर प्रेक्षकांना दुबळा वाटे, कीचकात त्यांना कर्झन दिसे आणि द्रौपदीत देश. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

त्या पोरांनी जीव दिला. कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण पुरुष म्हणजे प्रहार करणारा, हे समीकरण त्या काळाच्या गरजेतून आलं आणि गरज सरल्यावरही घराघरांत राहिलं. ऐकून घेणारा राम मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर नाशिकमध्ये राहणाऱ्या दोन नाटककारांनी पुरुषाला पुन्हा घरात आणून बसवलं. एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये (१९६२) शिवाजी महाराजांना संभाजीराजांचे वडील म्हणून उभं केलं: राज्य उभारलेला आणि मुलाशी बोलताना अडखळणारा बाप. ‘हिमालयाची सावली’ (१९७२) त्याहून धीट आहे. प्रा. भानू हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांवरून सुचलेलं पात्र. विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या मोठ्या माणसाच्या घरी चूल कशी पेटते, हे त्याची बायको बयो सांगते. खऱ्या आनंदीबाई कर्व्यांनीही ‘माझे पुराण’ लिहून आपली बाजू मांडली होती. त्यागी पुरुषाच्या त्यागाची किंमत घरातलं दुसरंच माणूस मोजतं, हे भवभूतीचं जुनं दुखणं कानेटकरांनी मराठी संसारात नेमकं ओळखलं.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर हे आयुष्यभर वीर आणि राजे रंगवलेले नट आहेत. निवृत्त होताना ते एखाद्या राजाच्या दिलदारपणाने सगळं मुलांना देऊन टाकतात. बायको कावेरी सावध करते, ते ऐकत नाहीत. पुढे मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, कावेरी जाते आणि रस्ता उरतो. त्यांच्या शोकांतिकेचा दोष कृतघ्न मुलांवर टाकणं सोपं आहे. पण भूमिकांमधून शिकलेला पुरुषार्थ, म्हणजे देऊन टाकण्याचा रुबाब, त्यांना बायकोचं एक वाक्य ऐकू देत नाही, हेही शिरवाडकरांनी लिहून ठेवलं आहे.

आणि विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) तर ‘उत्तररामचरिता’ची उलटी बाजू वाटावं असं आहे. इथेही गरोदर स्त्री आहे, इथेही प्रतिष्ठा सांभाळणारा पुरुष आहे. खटलाही आहे. फक्त पिंजऱ्यात लीला बेणारे उभी आहे आणि प्रोफेसर दामल्यांची खुर्ची रिकामी आहे. तो माणूस नाटकभर येतच नाही. भवभूतीचा राम बारा वर्षांनी का होईना पंचवटीत आला होता, आणि त्याला बोल लावणारी वासंती होती. बेणारेच्या बाजूने दामल्यांना गाठणारं कुणी नाही. हजार-बाराशे वर्षांत पुरुष कमी रडू लागला, याहून मोठा बदल हा आहे.

म्हणून जुनं नाटक निर्दोष ठरत नाही. वाल्मीकींच्या कथेत सीता भूमीत जाते; भवभूती ते टाळतो आणि सातव्या अंकात मिलन घडवतो. नाटकातल्या नाटकात अप्सरा सीतेचं दुःख रंगवतात, राम आणि अयोध्येची प्रजा प्रेक्षक होऊन ते पाहतात. राम मूर्च्छित होतो. वसिष्ठपत्नी अरुंधती सीतेला पुढे होऊन त्याला स्पर्श करायला सांगते, ती तसं करते. मग अरुंधती प्रजेला विचारते, की हिला स्वीकारावं असं तुम्हाला वाटतं ना? प्रजा नमस्कार करून होकार देते. लव-कुश येतात, नाटक संपतं. परत जायचं आहे का, हे सीतेला रामही विचारत नाही आणि अरुंधतीही नाही. वासंती त्या अंकात असती, तर तिने बहुधा विचारलं असतं.