जीवरक्षण आणि ममत्व

जडभरताचे आख्यान सांगून झाले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हटकून विचारतो, बुडणारे पाडस पाण्यातून काढले यात राजाचे चुकले काय? राज्याचा त्याग करून गंडकीतीरी तप करणाऱ्या भरताच्या देखत सिंहगर्जनेने भ्यालेल्या गाभण हरिणीने नदीत उडी घेतली. गर्भ प्रवाहात पडला, हरिणी मेली आणि ते पोरके पाडस भरताने आश्रमात आणून वाढविले. पुढे त्याच्याच ध्यासात भरताचा अंतकाळ झाला व त्यास मृगजन्म प्राप्त झाला. यावरून कित्येकांनी असा सिद्धांत काढला आहे की, साधकाने मुक्या प्राण्यांच्या वाटेस जाऊच नये. दयेच्या दाराने माया आत शिरते, यास्तव दयाच आवरावी. हा सिद्धांत सोयीचा आहे, परंतु खरा नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची सशाची लीळा सर्वांस विदित आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आश्रयास आला. स्वामींनी तो पारध्यांच्या हवाली केला नाही, आणि भय सरल्यावर त्यास जाऊ दिले. या लीळेचे निरूपण करताना शरणागताच्या रक्षणावर पुष्कळ बोलले जाते. जाऊ देण्यावर तितके बोलले जात नाही. वास्तविक अर्धी लीळा तेथेच आहे. भरतानेही राखले, पण सोडले नाही. पाडस क्षणभर दृष्टीआड झाले की लांडग्याने तर नेले नसेल ना, म्हणून तो व्याकूळ होई. दोहोंतील भेद दयेच्या प्रमाणात नसून दयेच्या शेवटात आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भरताचे काय झाले हे सर्व सांगतात. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या त्या मृगाचे पुढे काय झाले असेल, हे कोणी विचारीत नाही.

या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात पोरक्या वन्य प्राण्यांना वाढविणाऱ्यांनी अनुभवाने दिले आहे. आफ्रिकेतील केनिया देशात हस्तिदंतासाठी होणाऱ्या शिकारीमुळे हत्तींची तान्ही पिले पोरकी होतात. हत्तीच्या पिलास गाईच्या दुधातील स्निग्धांश पचत नाही, म्हणून अशी पिले जगत नसत. डॅफ्ने शेल्ड्रिक या बाईंनी अनेक वर्षांच्या खटपटीनंतर खोबरेल तेल घातलेले दूध तयार केले आणि 1970च्या दशकात आयशा नावाचे पिलू त्यावर वाढविले. ते सर्वस्वी त्यांच्यावरच विसंबले होते. मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस दूर गेल्या, आणि त्या पिलाने खाणेपिणे सोडून प्राण सोडला. दूध पचले होते. विरह पचला नाही. यानंतर त्यांच्या संस्थेत, जी 1977 साली स्थापन झाली, असा दंडक पडला की कोणत्याही पिलाजवळ रोज तोच राखणदार निजू नये. राखणदार आळीपाळीने बदलतात.

ममत्व साधकास बाधक आहे हे शास्त्राने सांगितलेच आहे. ज्या जीवावर ते जडते त्या जीवासही ते बाधक ठरते, हे येथे दिसून आले. मात्र यावरून तेथे जिव्हाळा वर्ज्य केला असे कोणी समजू नये. राखणदार रात्रभर पिलाशेजारी निजतात, दर काही तासांनी दूध पाजतात. वर्ज्य केले आहे ते ‘माझे’ म्हणणे. पिले थोडी मोठी झाली की त्यांना नैरोबीहून त्सावोच्या अरण्यात नेतात. तेथे आधी वाढलेले हत्ती त्यांना आपल्यात घेतात, आणि काही वर्षांनी ती रानातील कळपांत मिसळून जातात. काही हत्तिणी पुढे स्वतःची पिले घेऊन भेटीस येतात आणि पुन्हा निघून जातात.

आपल्याकडील अनुभवही पाहण्यासारखा आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या आसमंतात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिले सापडतात, कारण मादी दाट उसालाच रान मानून तेथे पिलांना जन्म देते. तोडणीच्या गलबल्याने ती दूर होते, आणि पाहणारा पिलांना पोरकी समजतो. बहुधा ती पोरकी नसतात. वनखात्याची माणसे व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे वैद्य पिलांना तपासून सायंकाळी त्याच जागी ठेवतात आणि बाजूस होतात. अंधार पडल्यावर मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते. येथे दया म्हणजे हात आवरणे होय. सशाची मादीही पिलास गवतात ठेवून दूर राहते व पाजण्यापुरतीच जवळ येते; काळविटाचीही तीच रीत. शेतकऱ्याने करुणेने घरी आणलेले पाडस पुष्कळदा असे आईच्या हयातीतच पोरके झालेले असते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पाळणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी, माणसांत वाढलेला नर वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी मानून त्याच्यावर शिंगे रोखतो.

श्वानमार्जारांचा प्रश्न मात्र नेमका उलट आहे. कुत्रा किमान 14,000 वर्षे माणसाच्या संगतीत आहे. त्याचे रान म्हणजे माणसाचे दार. त्यास दूरच्या गावी सोडून येणे ही मुक्तता नव्हे, तो टाकून देणे होय. पुण्य लागेल या समजुतीने मंदिराच्या किंवा मठाच्या दारी पिले सोडून जाणारे लोक हा भेद जाणत नाहीत. मुंबईत 1832 साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम चालविला तेव्हा पारशी लोकांनी दंगा केला, आणि 1834 साली तेथे पांजरपोळ निघाली. प्राण वाचले, हे थोडे नव्हे. पण कुत्र्याच्या पिलाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे वय माणसाशी ओळख होण्याचे असते. ते पिंजऱ्यात गेले तर पुढे जन्मभर ते माणसास बुजते. म्हणून निवाऱ्यातील पिलास वेळेवर घर मिळवून देणे हे पांजरपोळीच्या पुढचे पाऊल आहे.

संन्यस्ताने स्वदेश, स्वग्राम व सोयरे यांचा संबंध सोडलेला असतो. अटन करणाऱ्याने कुत्रे पाळावे हे आचारास धरून नाही. वासनिकास तो अडसर नाही. आणि घर शोधून देण्याचे काम तर संन्यस्तासही करता येण्याजोगे आहे, कारण त्यात द्यावयाचेच असते, ठेवावयाचे काही नसते. नेणाऱ्यास मात्र नीट विचारावे. दिवसा घरी कोण असते? भाड्याचे घर असल्यास मालकाची संमती आहे काय? रेबीजची लस व नसबंदी यांची जबाबदारी कोण घेईल? बारा-पंधरा वर्षे सांभाळण्याची तयारी आहे, की मुलांची हौस तेवढी आहे? उत्तर अडखळले तर पिलू देऊ नये.

राहता राहिले ते सापळ्यात पाय गमावलेले किंवा अन्य कारणाने पुन्हा रानात जाऊ न शकणारे वन्य जीव. त्यांना पिंजऱ्यातच जन्म कंठावा लागतो. भरताच्या पाडसाहून त्यांची गत निराळी आहे, कारण त्यांना कोणाच्या सुखासाठी ठेवलेले नसते. ते तसेच राहावे, एवढी दक्षता तेथील लोकांनी घ्यावी, आणि अशा प्राण्यासवे छायाचित्र काढून घेण्यास येणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.