तटस्थाचे मत

पालघरजवळील कोळगाव येथे आज जिल्ह्याचे मुख्यालय आहे. त्याच जिल्ह्यातील डहाणूचे आमदार विनोद निकोले हे ३० नोव्हेंबर २०१९ रोजी विधानसभेत तटस्थ राहिलेल्या चौघांपैकी एक होते. त्या दिवशी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा ठराव १६९ विरुद्ध शून्य अशा मतांनी संमत झाला. भारतीय जनता पक्षाने सभात्याग केला होता. त्याचा विरोध जगजाहीर होता. पण मोजणीत तो शून्य भरला! मग मत न देणारा मनुष्य नेमके काय करीत असतो?

राज्यघटनेच्या १८९व्या कलमाप्रमाणे एकूण सभासदांचा दशांश किंवा दहा, यांपैकी मोठी संख्या हजर असली म्हणजे गणपूर्ती होते. २८८ सभासदांच्या विधानसभेत ही संख्या २९ होय. निर्णय मात्र हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. म्हणजे तटस्थ सभासद सभेला आपली उपस्थिती देतो, मत देत नाही; सभात्याग करणारा दोन्ही काढून घेतो. संसदेत घटनादुरुस्तीच्या वेळी मात्र एकूण सभासदसंख्येच्या बहुमताचीही अट असते. तेथे न दिलेले मत विरोधी मताइतकेच आड येते. मौन तेच, नियम बदलला की त्याचे फळ बदलते.

महाभारतात हे दोन्ही प्रकार आढळतात. बलराम कोणाचाच पक्ष न घेता तीर्थयात्रेस गेला. भीष्म द्यूतसभेतच बसून राहिले आणि धर्माची गती सूक्ष्म आहे, असे सांगून त्यांनी द्रौपदीच्या प्रश्नाचा निर्णय टाळला. त्यांचा संशय प्रामाणिकही असेल. परंतु त्यांच्या उपस्थितीने त्या सभेला जी प्रतिष्ठा लाभली, तिचा हिशेब कोणी द्यावयाचा? विकर्ण कौरव असूनही उभा राहिला व बोलला. तो हरला, पण सभा एकमुखी होती, असे त्याच्यामुळे कोणास म्हणता येत नाही.

तटस्थता सदैव भ्याडपणाचीच असते, असे माझे म्हणणे नाही. दोन्ही पक्ष अमान्य असतील, किंवा विषयच पुरता कळला नसेल, तर मत न देणे हाच सचोटीचा मार्ग होय. मात्र आपले मौन कोणाच्या पदरात पडणार, हे आधी जाणून घेणे आणि पुढे त्या परिणामाचा वाटा पत्करणे, एवढे ऋण तटस्थावर राहतेच. वाचनालयाच्या किंवा गृहसंस्थेच्या सभेत गप्प बसून, घरी परतल्यावर ठरावाला नावे ठेवणाऱ्या आपणां सुशिक्षितांस हे ऋण कितीदा आठवते?