वाढणाऱ्याची पंगत

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात समुद्रपर्यटन हा पाश्चात्य संपन्न वर्गाचा आवडता विलास झाला होता. १९२९ नंतरच्या मंदीत नेहमीचे उतारू घटले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी आपल्या मोठ्या आगबोटी केवळ सहलींस लावल्या. ज्या बंदरातून निघावयाचे तेथेच परत यावयाचे. प्रवास हेच प्रयोजन.

पी. अँड ओ. कंपनीची 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही १९२९ सालची बोट मुंबईच्या फेऱ्या करी, तशीच सहलींसही जाई. छताखालचा पोहण्याचा हौददेखील तीवर होता. या कंपनीच्या बोटींवर भोजनगृहात वाढणारे बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती बंधू असत. हे तारवटी मुंबईस उतरले की आपापल्या गावाच्या कुडात राहत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत.

मग तो विलास पाप होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्रमलेल्या जीवास विसावा हवाच. आणि तारवट्यांच्या वेतनावर गोव्यातील कितीतरी घरे उभी राहिली. वाढणे हे हीन कर्मही नव्हे. दोष एवढाच, की त्या मेजावर वाढणाऱ्याची बसण्याची वेळ कधीच येत नसे.

तर मग श्रमिकास आसन दिले म्हणजे न्याय झाला काय? जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ साली स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या, आणि त्याच वर्षी 'आनंदातून शक्ती' ही संस्था काढून कामगारांस स्वस्त सहली देऊ केल्या. १९३८ साली प्रवासास निघालेल्या तिच्या 'व्हिल्हेल्म गुस्टलॉफ' बोटीवर उतारूंचे वर्ग नव्हते. परंतु ज्या हाताने आसन दिले, त्यानेच वाणी हिरावून घेतली होती. असे आसन हा मान नव्हे, मिंधेपणा होय.

समाराधनेत वाढपी शेवटी बसतात, तेव्हा आधी जेवलेल्यांपैकी कोणीतरी कमरेस पंचा बांधून त्यांस वाढावयास उठतो. आम्हांस न्यायाचे मर्म या उठण्यात दिसते. अर्थात आपल्याच देवळांनी कित्येकांस दीर्घकाळ पंगतीबाहेर ठेवले, हे विसरून दुसऱ्यांच्या बोटींकडे बोट दाखविणे आपणांस शोभणार नाही. म्हणून तृप्त होऊन पानावरून उठताना प्रत्येकाने स्वतःस एवढेच विचारावे: वाढणारा कधी बसणार, आणि त्यास वाढावयास आपण उठणार काय?